एजंटला टूल दिलं, पण माप सांगितलं नाही

तुमचा प्रश्न असा की, इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरसाठी वीसेक स्क्रिप्ट (छोटे प्रोग्रॅम) लिहून त्या एमसीपीमार्फत (एआयला बाहेरची टूल जोडायची ठरलेली पद्धत) एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या एआयला, जोडल्यात, प्रत्येकीला एका ओळीचं वर्णनही दिलंय. तरी एजंट भलतंच टूल उचलतो, नाहीतर बरोबर टूलला चुकीचे आकडे देतो. मग मोठं मॉडेल घ्यावं का? घेऊ नका. आधी ती वीस वर्णनं परत लिहा. एजंट तुमची स्क्रिप्ट उघडून बघत नाही. त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला कायकाय माहिती द्यायची ती) एवढंच येतं.

आमचं कोल्हापुरात डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, असलंच सगळं. आमच्या पहिल्या टूलचं वर्णन होतं, ‘दिलेल्या मापाचं नवीन पान बनवतो.’ एजंटने २१० आणि २९७ दिले. माझ्या मशिनवर व्यवस्थित ए-फोर आलं. शेजारच्या मशिनवर तेच चालवलं तर पान ७४ बाय १०५ मिलिमीटर, म्हणजे ए-सेव्हन, खिशातल्या डायरीएवढं! स्क्रिप्टमध्ये एकक ठरवलेलं नसेल तर इनडिझाइन रूलरचं एकक धरतं, आणि त्या मशिनचा रूलर पॉइंटवर (छपाईतलं, मिलिमीटरहून लहान माप) होता. नवीन पोरगं निदान ‘दादा, कशात घेऊ?’ म्हणून विचारतं. एजंट धरून चालतो. आता स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत मिलिमीटर ठरवलंय आणि वर्णनातही तसं लिहिलंय. दोन्हीकडे लागतं.

क्रमाचंही तेच. इनडिझाइनमध्ये फ्रेमची, म्हणजे मजकूर किंवा चित्र बसवायच्या चौकटीची, हद्द वर, डावी, खाली, उजवी अशी जाते. स्क्रायबस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स, वाय, रुंदी, उंची. मॉडेलने दोन्हीकडचा कोड वाचलेला असतो, त्यामुळे गल्लत होणारच. नुसता क्रम लिहून भागलं नाही, एक उदाहरण दिल्यावर थांबलं: ए-फोरवर चारही बाजूंनी १५ मिलिमीटर सोडायचे तर १५, १५, २८२, १९५.

आता मराठीची खरी अडचण, जी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. जुन्या फायली श्री-लिपीसारख्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर ‘संचालक मंडळ’ स्वच्छ दिसतं, पण आतून मजकूर मागवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते. एजंटला तो कचरा वाटतो आणि तो मनाने ‘दुरुस्त’ करायला जातो. उलट बाजूला, युनिकोड मजकूर आतून अगदी बरोबर असतो, पण परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी इनडिझाइनमधली सोय) लावलेला नसेल तर पानावर वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. इथे एजंट छातीठोकपणे सांगतो, सगळं ठीक आहे. एका ठिकाणी डोळ्याला बरोबर, दुसऱ्या ठिकाणी यंत्राला. म्हणून आमचं मजकूर वाचायचं टूल मजकुराबरोबर फॉन्टचं आणि कंपोझरचं नावही परत देतं. वर्णनात एक ओळ आहे: ‘फॉन्ट जुन्या पद्धतीचा असेल तर मजकूर बदलू नका, आधी रूपांतराचं टूल वापरा.’

मजकूर भरायच्या टूलचं वर्णन आता साधारण असं आहे (मॅटर म्हणजे मजकूर, ओव्हरसेट म्हणजे तो फ्रेममध्ये न मावणं):

‘आधीच असलेल्या फ्रेममधलं सगळं मॅटर पुसून नवं भरतो. फ्रेम तयार करत नाही, त्यासाठी वेगळं टूल आहे. मॅटर युनिकोडमध्येच द्या. परत देतो: ओव्हरसेट आहे की नाही. असेल तर फॉन्ट लहान करू नका, माणसाला सांगा.’

शेवटचं वाक्य अनुभवातून आलंय. एका अहवालात जागा पुरेना म्हणून एजंटने ताळेबंद साडेपाच पॉइंटवर नेला. अहवाल वाचणारे बहुतेक सभासद साठीच्या पुढचे. प्रूफलाच लक्षात आलं म्हणून वाचलो. आणि टेबल असेल तर फ्रेमच्या उत्तरावर विसंबू नका. फ्रेम ‘ओव्हरसेट नाही’ म्हणते आणि एखाद्या सेलमध्ये आकडा अडकून बसलेला असतो. सेल वेगळे तपासा, आणि टूल ते तपासतं की नाही हे वर्णनात लिहा.

चूक झाली की टूल जे संदेश पाठवतं, तेही वर्णनाचाच भाग समजा. इनडिझाइनमध्ये नावाने फ्रेम मागितली आणि ती नसली तरी तिथल्या तिथे चूक येत नाही. पोकळ वस्तू हातात पडते आणि पुढच्या ओळीला स्क्रिप्ट आपटते. ती वैध आहे का हे आधी विचारा. नसेल तर ‘एरर’ एवढंच पाठवू नका. ‘या नावाची फ्रेम नाही, या पानावर अमुक अमुक आहेत’ असं पाठवा. पुढच्या खेपेला एजंट स्वतःच बरोबर नाव घेतो.

‘मॅटर’ हा शब्द मुद्दाम ठेवलाय. सांगणारा माणूस ‘मजकूर समाविष्ट करा’ म्हणत नाही, ‘मॅटर टाक’ म्हणतो. दुकानात जे बोलतात ते शब्द वर्णनात असले की एजंट योग्य टूल उचलतो. पॅरामीटरची नावं इंग्रजीत राहिली तरी चालतं.

एक सोपी तपासणी करा. इनडिझाइन येणाऱ्या, पण तुमच्या स्क्रिप्ट कधी न पाहिलेल्या ऑपरेटरला वर्णनं छापून द्या आणि कुठल्या कामाला कुठलं टूल, काय आकडे देऊन, ते पेनने लिहायला सांगा. तो जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे एक ओळ कमी आहे. टेबल भरायच्या टूलचं वर्णन इथे टाका, बघून सांगतो. बहुतेक गफलत तिथेच असेल.