सूत्र तोंडपाठ, वही कोरी

प्रश्न : विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचं माझं शेवटचं वर्ष सुरू आहे. पुढे लेखन अक्षमता असलेल्या मुलांसोबतच काम करायचं आहे. अध्ययन-रणनीतींचे तीन-चार छोटे ऑनलाइन कोर्स करून ठेवले तर नोकरीत उपयोग होईल का? सरावपाठात एका मुलाला लेखनाचं सूत्र (लेखनाच्या भागांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द) तोंडपाठ झालं, पण वहीत दोनच ओळी उतरल्या. काय चुकलं?

उत्तर : आधी त्या दोन ओळींचं बघू, कारण कोर्सचं उत्तर त्यातच आहे.

कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम यांच्या एसआरएसडी (सेल्फ-रेग्युलेटेड स्ट्रॅटेजी डेव्हलपमेंट) या लेखन शिकवण्याच्या पद्धतीत सहा टप्पे आहेत : पूर्वतयारी, सूत्रावर चर्चा, शिक्षकाने करून दाखवणं, पाठांतर, आधार देत सराव आणि स्वतंत्र लेखन. म्हणजे पाठांतर चौथं. तुम्ही बहुधा तिथेच थांबलात. सगळ्यात जास्त वेळ पाचव्या टप्प्याला लागतो. आणि पुढचा टप्पा कधी, हे वेळापत्रक नाही, मुलाचं लिखाण ठरवतं.

तिसरा टप्पाही तपासा. करून दाखवताना आपण फळ्यावर सुबक परिच्छेद लिहून मोकळे होतो. मुलाला वाटतं, मोठ्यांना आपोआप सुचतं. अडखळणंसुद्धा मोठ्याने दाखवायचं असतं : ‘गृहपाठ असावा का... काहीच सुचत नाहीये. थांब, सूत्र काय म्हणतं? आधी मत. थोडा असावा. आता कारणं. एक मिळालं, दुसरं नाही मिळत. असू दे, तिसरं लिहू, मग मागे येऊ.’ मुलाने उचलायला हवं ते हे स्वतःशी बोलणं.

मुद्दे काढतानाची एक चूक हमखास होते. मूल मुद्द्यांच्या चौकटीत पूर्ण वाक्यं लिहितं आणि तीच पुन्हा उतरवून काढताना थकतं. मुद्दा दोन-तीन शब्दांचाच हवा. चित्र काढलं तरी चालेल.

इंग्रजी सूत्रं मात्र जशीच्या तशी उचलू नका. मत मांडणाऱ्या लेखनासाठीचा ‘ट्री’ हा शब्द त्यातल्या इंग्रजी आद्याक्षरांमुळे लक्षात राहतो, मराठीत त्याचं ओझंच होतं. मत, कारणं, उदाहरण, शेवट यांचं ‘मकाउशे’ करा. चुका तपासण्याच्या ‘कॉप्स’ सूत्रातलं पहिलं अक्षर कॅपिटल लेटर्सचं, देवनागरीत त्याला कामच नाही. त्याजागी काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरं, दोन शब्दांतली जागा आणि विरामचिन्हं घ्या. एका वाचनात एकच गोष्ट शोधायची. सगळं एकदम शोधायला सांगितलं की काहीच सापडत नाही.

सूत्राच्याही आधी एक साधी चाचणी घ्या. मुलाला एका विषयावर बोलायला सांगा, तुम्ही लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी तितक्याच सोप्या विषयावर त्याला लिहू द्या. बोलताना दहा वाक्यं आणि लिहिताना दोन, तर अडचण बहुधा अक्षरं वळवण्यात किंवा शुद्धलेखनात आहे. तिथे नुसतं सूत्र पुरणार नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं अक्षरांचा सराव, जोडीला टायपिंग किंवा सांगून लिहून घेणं लागेल. पेन्सिलची पकड, हाताची ताकद हा भाग ऑक्युपेशनल थेरपिस्टचा; त्यात हात घालू नका. बोलतानाही दोनच वाक्यं आली, तर विषयाची माहिती, भाषा आणि मुद्द्यांची जुळणी यांपासून सुरुवात करा.

आता कोर्स. चार पद्धतींची नावं माहीत असण्यापेक्षा एक पद्धत शेवटपर्यंत राबवता येणं कामाला येतं. त्यामुळे एकच कोर्स निवडा, आणि असा की ज्यात तुमचं प्रत्यक्ष सत्र पाहून कुणीतरी चुका दाखवेल. नुसते व्हिडिओ बघून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

मुलाखतीला जाताना एका मुलाची पूर्ण फाइल न्या, नाव झाकून आणि पालकांच्या परवानगीने. शिकवण्यापूर्वीचे तीन लेख, नंतरचे तीन, काही आठवड्यांनी विनामदत लिहिलेला एक, आणि दुसऱ्या विषयाच्या वहीतलं एक उत्तर. प्रत्येकापुढे एकूण शब्द आणि सूत्रातले किती भाग आले, एवढे दोन आकडे. शेवटचे दोन कागद बहुतेकांकडे नसतात, कारण शिकलेलं दुसरीकडे वापरायला वेगळं शिकवावं लागतं हे राहून जातं.

तुमच्या त्या मुलाला उद्या नवीन विषय देऊ नका. त्याच दोन ओळी समोर ठेवा, त्यात सूत्रातला कुठला भाग आला आहे ते त्यालाच शोधू द्या आणि तिसरी ओळ दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत लिहा.