मुलगी खोटं बोलली, म्हणजे तिला नीतिमत्ताच नाही का?

कोथरूडहून एक बाबा आले होते, सोबत दहावीतली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तक्रार एकच, पोरगी सर्रास खोटं बोलते. झालं असं की तिच्या मैत्रिणीला प्रिलिममध्ये गणितात फार कमी मार्क पडले, घरी कळलं तर डान्स क्लास बंद होणार म्हणून ती घाबरलेली, आणि तिच्या आईचा फोन आल्यावर हिने सांगून टाकलं, 'काकू, पेपर अजून मिळालेच नाहीत.' बाबा म्हणाले, मॅडम, आज मैत्रिणीसाठी बोलली, उद्या स्वतःसाठी बोलेल, हिला जरा तत्त्वं शिकवा.

ही काळजी खूप पालकांना असते आणि ती रास्तच आहे. पण पोरीला तत्त्वं पाठ होती हो! मला तिथे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांचा तो प्रसिद्ध प्रश्न आठवला, मुलं नैतिक विचार कसा करतात हे बघण्यासाठी ते तो विचारायचे: बायको मरायला टेकलीय, औषधवाला न परवडणारे पैसे मागतोय, तर नवऱ्याने औषध चोरावं का? 11 वर्षांचा एक मुलगा म्हणाला चोरावं, पैशापेक्षा जीव मोठा. त्याच वयाची मुलगी म्हणाली चोरी नको आणि बायकोही मरायला नको, हा जेलमध्ये गेला तर तिचं कोण करणार, बसून बोलून काहीतरी मार्ग काढा. कोहलबर्गच्या मोजपट्टीवर तिला कमी मार्क मिळतात, पण मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये मांडलं की ती कच्ची नाहीये, ती नाती धरून विचार करतेय. मला हे अगदी पटतं.

मग मुलीशी एकटीशी बोलले. विचारलं, काकूंनी फोन तुलाच का केला गं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'कारण त्यांना वाटतं मी खरं सांगते', आणि रडायलाच लागली. घरी आठवडाभर बोलणी खाऊन ती रडली नव्हती. मैत्रीण तिने घट्ट धरली होती, फोनच्या पलीकडच्या काकू तिला दिसल्याच नव्हत्या.

तिने आधी मैत्रिणीला सांगितलं, मग दोघी मिळून काकूंकडे गेल्या. काकू चिडल्या, डान्स क्लास परीक्षेपर्यंत बंद झालाच, मैत्रीणही थोडे दिवस फुगून होती. बाबांनी मला विचारलं, मग शिक्षा काय करू? म्हटलं, काकूंचा विश्वास परत मिळवायला तिला वेळ लागणारे, तेवढं पुरे.

तुमच्याकडे असं झालं तर 'खोटं का बोललीस' याच्या आधी 'हे कोणाला लागलं असेल' असं विचारून बघा, आणि उत्तरासाठी थांबा, या वयातली पोरं लगेच बोलत नाहीत.