वाचक विचारतात : सड्यावरची फुलं आणि संरक्षणाची हद्द

प्रश्न : कास जागतिक वारसा यादीत आहे, कोयना अभयारण्य आहे, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. मग आपल्या भागातल्या दुर्मीळ वनस्पती सुरक्षित झाल्या असं धरायचं का? (एक वाचक, पाटण)

उत्तर : सरसकट नाही. कोयना आणि चांदोलीच्या हद्दीत मुख्यतः धरणांभोवतीचं दाट जंगल आणि वन्यप्राणी आले. कातळसड्यांचं, म्हणजे उघड्या खडकाच्या सपाट पठारांचं, तसं नाही. बरेच सडे हद्दीबाहेर, गावच्या किंवा खासगी मालकीत आहेत आणि सातबाऱ्यावर त्यांची नोंद 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला नालायक जमीन. एप्रिलमध्ये पाहणीला जाणाऱ्याला तिथं उघडा कातळच दिसणार, कारण वायतुरा या सड्यावरच्या दुर्मीळ वनस्पतीचा कंद तेव्हा जमिनीत निजलेला असतो.

हद्दीच्या आत असूनही बिघडतं, ते असं. कातळावर माती जेमतेम दोन-तीन इंच. पावसाचं पाणी तिच्यावरून पातळ थरानं सरकत राहतं आणि त्यावरच गेंद, सीतेची आसवं ही सड्यावरची इवली फुलझाडं जगतात. मध्ये भराव टाकून रस्ता केला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालचं अंग ऑगस्टातच कोरडं पडतं. फूल कुणी तोडलेलं नसतं, तरी जातं. कुंपण घालून चराई पूर्ण बंद केली तर गवत माजतं आणि बोटभर उंचीची रोपं त्याखाली दबतात. मोकाट चराईनं ती तुडवली जातात, तेही खरंच. सर्वांत वाईट म्हणजे सड्यावर खड्डे घेऊन केलेलं वृक्षारोपण. हेतू चांगला, पण झाड तगत नाही आणि पाण्याची वाट मोडते ती मोडतेच.

कायद्याचा आधारही तोकडा होता. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत 2022 च्या दुरुस्तीपर्यंत सहाच वनस्पती होत्या, त्यांत आपल्या सड्यावरची एकही नाही.

म्हणून 'अमुक वनस्पती अभयारण्यात आढळते' एवढ्यावर समाधान मानू नये. किती रोपं आहेत, त्यांतली किती फळाला येतात आणि पुढच्या वर्षी किती उरतात, हे मोजावं.

प्रश्न : आमच्या गावच्या पठारावर अशी फुलं येतात. मोजायचं कसं? (एक वाचक, शिराळा)

उत्तर : बांबूच्या काड्यांची 1 मीटर × 1 मीटर चौकट बांधा. पठारावर सरळ रेषेत दर 10 मीटरवर ती ठेवा, अशा 20 जागा. फुलं दाट दिसतात तिथंच चौकट टाकण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर आकडा फुगतो. प्रत्येक चौकटीत एकूण रोपं, फुलावर असलेली, फळावर असलेली आणि पट्टीनं मोजलेली पाण्याची खोली लिहा. पान, फूल आणि फळ यांचे फोटो वेगवेगळे घ्या. नुसत्या फुलावरून गेंदाच्या जाती अभ्यासकांनाही ओळखता येत नाहीत. जुलैचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि सप्टेंबरअखेर अशा तीन फेऱ्या करा, दरवर्षी त्याच जागी. जागा मोबाइलच्या जीपीएसवर टिपून ठेवा. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या.

नोंदी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या. 2002 च्या कायद्यानुसार लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं तिचं काम आहे. उद्या तिथं खाणीचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत दाखवायला हाच कागद लागतो.

खरपुडी या दुर्मीळ कंदवाल्या वनस्पतीची नेमकी जागा मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. तिचे कंद खातात, आणि कंद उपटला की रोप संपलं.