वरंधा उतरून आंबेनळी चढणार असाल, तर फोनवरच्या ‘रस्ता चालू आहे’वर विसंबू नका

‘ऑफिसला फोन केला, दरड काढली आहे, रस्ता चालू आहे म्हणाले, पण खात्री वाटत नाही, निघावं का?’ ही तुमची ओळ वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. मलाही रस्त्याची देखभाल बघणाऱ्या ऑफिसातून अगदी हेच सांगितलं होतं. घाट हाच, दिवसही हेच, गणपती गेल्यानंतरचे.

तुमचा सायकलवरचा बेत असा दिसतो: पहिल्या दिवशी पुणे, भोर, वरंधा घाट, महाड, दुसऱ्या दिवशी पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई आणि घर. तीनशे किलोमीटरच्या आसपास. लाइट, ट्यूब, पंप, पाणी यांबद्दल सांगत बसत नाही, ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, केलेल्या माणसाला ते काय सांगायचं. मला बोलायचंय ते त्या फोनबद्दल.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घाटात रस्ता दोन तऱ्हांनी जातो. वरून दरड येते, किंवा खालून रस्ता खचतो. दरड जेसीबी लावून दिवसा-दोन दिवसांत बाजूला करता येते. खचलेला रस्ता म्हणजे दरीकडची बाजूच गेलेली असते. तिथे खालपासून संरक्षक भिंत उभी करावी लागते, त्याला महिने लागतात. ‘दरड काढली’ हे वाक्य खरं असतं, पण ते एका जागेबद्दल असतं. त्याच घाटात तीन वळणं खाली रस्ता खचलेला असू शकतो, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नसतं. मीही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट हद्दीची. वरंधा अर्धा पुणे जिल्ह्यात, अर्धा रायगडात. एका बाजूचा माणूस ‘चालू आहे’ म्हणतो ते त्याच्या हद्दीपुरतं. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा एकाच ऑफिसला. ही माझी पहिली चूक. पलीकडच्या बाजूला एक फोन केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा मेहुणा. पहाटे निघालो, भोरला मिसळ खाल्ली, नीरा-देवघरच्या पाण्याकाठाने मजेत गेलो. तो रस्ता इतका सुंदर आहे की डोकं चालत नाही. डावी-उजवीकडे खाचरं, पाण्यावर ढगांच्या सावल्या, आणि चढ असा की चढतोय हेच कळत नाही. नीरा पूर्वेला वाहते, तिचं खोरं लांब आणि सौम्य आहे. शिरगावपर्यंत तुम्ही तिच्या उगमाकडे हळूहळू सरकत असता. माथा ओलांडला की पाणी पश्चिमेला, सावित्रीकडे जातं आणि सह्याद्री एकदम खाली कोसळतो. म्हणून भोरकडून जाताना घाटाचा अंदाजच येत नाही. सोपा भाग आधी संपतो, आणि परत फिरायचा विचार येईपर्यंत तुम्ही माथ्यावर असता.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. हिर्डोशीपासून पुढे समोरून जवळजवळ काहीच येत नव्हतं. दोन-चार मोटरसायकली दिसल्या, त्याही तिथल्याच गावांमधल्या. महाडकडून येणारी, एमएच-०६ ची म्हणजे रायगडच्या नंबरची एकही गाडी नाही. आम्हाला वाटलं, वा, रस्ता मोकळा आहे! घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी पोचलो तर टपऱ्या बंद. पावसाळा संपत आलेला, सगळीकडे हिरवंगार, धबधबे चालू, भजीचे हेच तर दिवस, आणि टपऱ्यांवर ताडपत्री बांधलेली. माकडंसुद्धा नव्हती, कारण खायला देणारं कुणी नव्हतं. तो घाट ओरडून सांगत होता की वाहतूक बंद आहे. दुपारचे चार वाजले होते, महाडच्या लॉजला पैसे भरले होते, मेहुणा म्हणाला, ‘आता उतारच तर आहे.’ मीही हो म्हणालो. तिथून परत फिरलो असतो तर उजेड असेपर्यंत हिर्डोशीत पोचलो असतो.

दोन-तीन वळणं उतरलो आणि पुढे रस्त्याचा दरीकडचा निम्मा भाग नव्हता. डांबराचा काठ कुरतडल्यासारखा तुटलेला, त्याच्याखाली लाल माती आणि हवा. कुणीतरी चुना लावलेले दगड ओळीने मांडले होते आणि दगडांच्या मधे झाडाची फांदी रोवली होती. बोर्ड नाही, फीत नाही, माणूस नाही. डोंगराच्या बाजूने जेमतेम चालण्यापुरती जागा, तीही गटारातून, पोटरीपर्यंत चिखल. सायकली खांद्यावर घेतल्या. बुटाच्या क्लीटखाली (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या खाचेखाली) शेवाळ आलं आणि मेहुणा सायकलीसकट डोंगराच्या अंगाला पडला. त्याला खरचटलं तेवढंच, पण सायकल नेमकी उजव्या अंगावर आपटली. उठवून मागचं चाक फिरवलं तर टक-टक-टक आवाज: हँगर, म्हणजे गिअर बदलणारं डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, आत वाकला होता आणि डिरेलर आऱ्यांना लागत होतं. सरळ करायला गेलो, हँगर हातात तुटून आला. अल्युमिनियमचा अंगठ्याएवढा तुकडा.

धुकं उतरलं, अंधार पडला. तो उतारावर सायकलवर बसायचा, सपाटीला ढकलत चालायचा. माझेरी, वरंध, मग बिरवाडी. बिरवाडीत एका टेम्पोवाल्याने सायकली मागे टाकून महाडला सोडलं, पैसे घेतले नाहीत. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं याची खंत आजही आहे. महाडमध्ये तो हँगर मिळणं शक्यच नव्हतं. आंबेनळी राहिली, एसटीने परत आलो.

नंतर मी त्या ऑफिसात स्वतः गेलो. भांडायला नाही. भोरहून निघताना लागेल असा एक बोर्ड लावा, ‘पुढे रस्ता खचला आहे’, एवढंच म्हणायचं होतं. एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. तिसऱ्या टेबलावर सांगितलं, तो भाग आमच्या हद्दीत नाही, आणि तसंही आदेशात जड वाहनं आणि हलकी वाहनं आहेत, सायकलीचा उल्लेख नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आलं नाही. मला आजही राग येतो. आमच्यासाठी नाही; आम्ही हौसेने गेलो होतो. पण त्याच रस्त्याने माथ्यावरच्या वाड्यांमधली माणसं दवाखान्यात जातात, पोरं शाळेत जातात. त्यांना एक बोर्डही मिळू नये?

असो. आता काय करायचं ते सांगतो. मी तिथला रहिवासी नाही, इंजिनिअरही नाही, आणि परिस्थिती एका रात्रीत बदलते, तेव्हा अनुभव म्हणून घ्या.

पावसाळ्यात वरंधा जड वाहनांना बंद ठेवतात आणि रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला की सगळ्यांनाच बंद करतात. हा आदेश तुम्ही निघायच्या दिवशी लागू आहे का, ते आधी बघा. त्यानंतर भोरच्या एसटी स्टँडवर चौकशी खिडकीत एकच प्रश्न विचारा: ‘आज महाडहून गाडी आली का?’ चालू आहे का, असं विचारू नका, आली का विचारा. आली असेल तर रस्ता आहे. नसेल आली, तर इतर कारणंही असू शकतात, पण मग पलीकडे बिरवाडी-वरंधच्या बाजूच्या कुणाशी तरी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि हिर्डोशीनंतर समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर बघत चला. अर्ध्या तासात एमएच-०६ दिसली नाही तर थांबा. लॉजचे पैसे बुडू द्या.

मॅपवर विसंबू नका हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यात माझी भर एवढीच की वेल्ह्याकडून मढे घाटाने खाली उतरायचं मनात असेल तर ती पायवाट आहे, ट्रेकची. रोड बाइक घेऊन नाही.

आंबेनळीबद्दल. पुढच्या वर्षी मी ती एकट्याने केली. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा हा घाटही ठिकठिकाणी खचला होता. तेव्हा वर सांगितलेली चौकशी इथेही करा, पोलादपूरच्या स्टँडवर. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीस किलोमीटर, आणि जवळपास समुद्रसपाटीवरून साडेतेराशे मीटरवर जायचं. सरासरी काढलीत तर साडेतीन टक्क्यांच्याही आत येते, पण कोकणातली दमट हवा त्या हिशेबात येत नाही. मी महाडहून नाश्ता करून आठला निघालो होतो, घाटाच्या सुरुवातीलाच घामाने निथळलो आणि प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत मांड्यांत गोळे आले. तुम्ही महाडहून साडेचारला निघा, पोलादपूर अंधारात गाठा. मुक्काम पोलादपूरलाच केलात तर आणखी बरं, पण मग महाडचं चवदार तळं राहील, आणि ते राहू नये. १९२७ चा सत्याग्रह जिथे झाला तिथे संध्याकाळी दहा मिनिटं नुसतं बसून या.

दोन दिवसांत होईल का, असं विचारलंय. होईल, पण माझं मत विचाराल तर करू नका. आंबेनळी चढून झाल्यावर त्याच दिवशी पुण्यापर्यंत येणं म्हणजे थकलेल्या हातांनी वाईकडे पसरणी घाट उतरणं, तेही सुट्टीच्या दिवशी, पर्यटकांच्या गाड्यांमधून. माझा राग चढावर नाही, थकून केलेल्या उतारावर आहे. वाईला मुक्काम करा, घाटावर कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसा. तिसऱ्या दिवशी हायवेने येऊ नका, खंबाटकीचा बोगदा सायकलीसाठी नाही. वाईहून मांढरदेवीचा डोंगर चढून भोरला उतरा, पुन्हा नीरेच्या खोऱ्यात. कृष्णा, नीरा, सावित्री तिन्ही खोरी एका फेरीत होतात. फक्त पौषातल्या यात्रेच्या दिवसांत तो रस्ता टाळा.

राहिला गिअरचा प्रश्न. मागे ११ ते २८ दातांची चक्रं आणि पुढे कॉम्पॅक्ट, म्हणजे लहान चक्रांचा जोड, असेल तर आंबेनळी निघेल, पण मागे सगळ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं लावता येत असेल तर लावा, तिसऱ्या दिवशी मांढरदेवीला आठवण येईल. आणि तुमच्या फ्रेमचा हँगर आजच मागवा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुकानात क्वचितच मिळतो, यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आला की एकदा लावून बघा, मग सॅडल बॅगेत टाका. फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष इथे लिहिलंत तर कुठला लागतो ते बघून सांगतो.