बर्गनमध्ये मुक्काम: आधी चढ बघा, मग खोली

प्रश्न: जूनमध्ये तीन रात्री नॉर्वेतल्या बर्गनला आहोत. ब्रिगेनवर, बंदराकडे खिडकी असलेल्या खोलीसाठी जास्त पैसे मोजावेत का?

मोजू नका. ब्रिगेन ही वोगेन बंदराच्या काठची लाकडी वखारींची रांग. 1702 च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली आणि 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सुंदर आहेच, पण तिच्यासमोरून वाहता रस्ता जातो आणि शुक्रवार-शनिवारी पबमधली गर्दी उशिरापर्यंत बाहेर रेंगाळते. जूनमध्ये सूर्य रात्री अकरानंतर मावळतो, पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि सीगल त्याच्याही आधी ओरडायला लागतात. बऱ्याच जुन्या इमारतींत एसी नसतो. खिडकी उघडली की हे सगळं खोलीत येतं.

शिवाय ब्रिगेनची ती रंगीत रांग ब्रिगेनमध्ये राहून दिसतच नाही, ती दिसते समोरच्या स्ट्रांडकायेन धक्क्यावरून. म्हणून त्याच बाजूला, नूर्दनेसच्या गल्ल्यांत राहा. ब्रिगेन चालत पंधरा मिनिटांवर, आणि रात्री शांतता. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: खोली आतल्या अंगणाकडे आहे का, आणि प्रकाश पूर्ण अडवणारे पडदे आहेत का.

प्रश्न: सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे दुखतात. बंदरापासून 400 मीटरवरचं लाकडी घर स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

पत्ता नीट वाचल्याशिवाय घेऊ नका. बंदराच्या पाठीशीच फ्लोयेन डोंगर आहे, त्यामुळे नकाशावरच्या 400 मीटरमध्ये दगडी पायऱ्या किती, ते नकाशा सांगत नाही. रस्त्याचं नाव सांगतं. नावाच्या शेवटी ‘बाक्केन’ असेल तर चढ, ‘स्माउए’ असेल तर अरुंद बोळ, जिथे टॅक्सी दारापर्यंत येत नाही. सान्डविकेन आणि स्कान्सेन भागांत अशी घरं पुष्कळ आहेत. पावसात तिथले गोटे निसरडे होतात, सुटकेसची चाकंही अडकतात. आणि पाऊस तर असणारच: मुंबईत चार महिन्यांत कोसळतो साधारण तेवढाच इथे बारा महिन्यांत वाटून पडतो.

मजल्याचा हिशेबही वेगळा आहे. नॉर्वेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणजे ‘तिसरा मजला’ आपला दुसरा. ‘हाइस’ म्हणजे लिफ्ट. वर्णनात तो शब्द नसेल तर ती नाही असंच धरा.

तुमच्यासाठी रेल्वे स्टेशन ते शहरातलं छोटं तळं हा सपाट पट्टा बरा. फ्लोयेनवर जायला 1918 पासून चालणारी फ्युनिक्युलर (दोराने डोंगरावर ओढली जाणारी रेल्वे) आहे, तिथे गुडघ्यांची काळजी नको.

प्रश्न: शाकाहारी आहोत, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतोय. काय बघावं?

शेगडी. बहुतेक ठिकाणी ती इंडक्शनची असते आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलं तर ते चालेल. दुसरं, फोडणी. छतावर धुराचा सेन्सर असतो. 1916 साली शहराचा मध्यभाग आगीत गेलेला असल्याने इथे आगीबाबत कोणी हयगय करत नाही. तेल धुरेपर्यंत तापवू नका, आधी चिमणी सुरू करा, मोहरी टाकताच झाकण ठेवा. सेन्सरवर पिशवी मात्र कधीही बांधू नका.

रविवारी बहुतेक मोठी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून दूध, भाज्या शनिवारीच आणा. नळाचं पाणी खुशाल प्या. बाथरूमची फरशी बहुधा खालून तापवलेली असते: ओल्या बुटांत कागद कोंबून रात्री तिथे ठेवा, सकाळपर्यंत बरेच वाळतात.

प्रश्न: विमानतळाजवळचं हॉटेल निम्म्या दरात मिळतंय. शहरात येणं-जाणं परवडेल?

परवडेल, वेळ असेल तर. ब्यूबानेन ही ट्राम विमानतळावरून शहरातल्या ब्यूपार्केनला सुमारे 45 मिनिटांत पोचते, तेही शहराच्या साध्या तिकिटात. पण रोज दीड तास प्रवासात जातो, आणि भिजल्यावर दुपारी खोलीवर येऊन कपडे बदलणं होत नाही. मधला मार्ग म्हणजे ट्रामच्या वाटेवरचं डॅनमार्क्स प्लास. तिथे चौकात वाहनं फार, म्हणून मागच्या गल्लीतली खोली घ्या. किमतीची तुलना करताना नाश्ता धरा: नॉर्वेतल्या हॉटेलांत तो सहसा दरात असतो. स्वस्त होस्टेलांत मात्र चादरीचे पैसेही वेगळे पडू शकतात.

प्रश्न: शेवटच्या दिवशी किनाऱ्याने उत्तरेला जाणारं जहाज पकडायचं आहे.

मग नूर्दनेस किंवा नोस्तेत या भागात राहा. हुर्टिग्रुटेन या किनारी जहाजसेवेची जहाजं नोस्तेतकडच्या धक्क्यावरून सुटतात. बरीच मोठी क्रूझ जहाजं लागतात ती ब्रिगेनपलीकडच्या स्कोल्तेन धक्क्याला, आणि फ्लोम गावाला जाणारी जलद बोट स्ट्रांडकायेनवरून जाते. तिकिटावर धक्क्याचं नाव काय आहे ते आधी वाचा, कारण चुकीच्या धक्क्यावर गेलात तर सामान ओढत अख्ख्या बंदराला वळसा घालावा लागतो.