ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट नाही, मग सॉलिसिटर व्हायचं विसरायचं का?

"लॉ झालं, पण ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही. आता पुढे काय?" लंडन आणि आसपासच्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. (ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणजे सॉलिसिटर, म्हणजे इथला वकील, होण्याआधी फर्ममध्ये करायची पगारी उमेदवारी.) कधी मुलं विचारतात, पण जास्त वेळा त्यांच्या आया. ईशाच्या बाबतीतही पहिला फोन आईचाच होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ईशा हॅरोची, वय 24. एलएलबी चांगल्या मार्कांनी झालेलं. बसल्या बसल्या तिने फोनवर एक तक्ता उघडून माझ्यापुढे धरला. 61 फर्मची नावं, समोर अर्जाची तारीख, आणि शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल. चार ठिकाणी ती मुलाखतीपर्यंत पोचली होती.

"ताई, यंदा मी मंडळाच्या गणपतीला गेलेच नाही. प्रत्येक काकू विचारते, झालीस का वकील? काय सांगू?"

"सध्या काय करतेस?"

"काही नाही. पॅरालीगल आहे. वकिलांच्या हाताखाली मदतनीस."

ते 'काही नाही' मला फार लागलं. त्या दिवशी मी तिला सल्ला दिलाच नाही. पुढच्या वेळी येताना गेल्या महिन्यात रोज काय काम केलंस ते वहीत लिहून आण, एवढंच सांगितलं.

वही भरून आली. घरखरेदी-विक्रीची कामं करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये ती 16 महिने होती. एका पानावर तिने दोन ओळींत लिहिलं होतं, 'ओएस१ची मुदत संपत होती. पुन्हा लावला.' मी खोदून विचारलं. घर घेताना खरेदीदाराचा सॉलिसिटर लँड रजिस्ट्रीत, म्हणजे घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, नोंदी तपासायचा हा ओएस१ नावाचा अर्ज लावतो. त्यानंतर कामकाजाचे 30 दिवस खरेदीदाराला संरक्षण असतं, मधल्या काळात दुसऱ्या कोणाचा हक्क त्याच्या पुढे नोंदला जात नाही. या व्यवहाराची तारीख दोनदा पुढे गेली होती. फाइल चाळताना ईशाने दिवस मोजले, ते पुरणार नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने वरिष्ठांना सांगून नवा अर्ज लावून घेतला.

"हे बघायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. तारीख दिसली म्हणून."

मग मी तिला नियम समजावला. तिने तो वाचला होता, पण तो आपल्यालाही लागू आहे हे तिला पटलेलं नव्हतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आहे, आणि सोबत दोन वर्षं पूर्णवेळ किंवा तेवढा भरेल इतका अर्धवेळ पात्र अनुभव, म्हणजे कायद्याच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव, लागतो. तो ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टमधलाच हवा असं नाही. पॅरालीगलचं काम चालतं, विद्यापीठाच्या कायदा मदत केंद्रातलं बिनपगारी कामही चालतं. जास्तीत जास्त चार संस्थांमधला अनुभव जोडता येतो, आणि आधी केलेलं कामही धरता येतं. कॉलेजात दर बुधवारी दुपारी ईशा अशाच केंद्रात भाडेकरूंची प्रकरणं बघायची. ते ती विसरूनच गेली होती.

अडचण आली ती सहीची, म्हणजे या अनुभवाला दुजोरा मिळवण्याची. फर्ममधले वरिष्ठ कचरत होते. "ती तयार वकील झाली, असं मी कसं लिहून देऊ?" त्यांना वाटलं, तिच्या कुवतीची हमी मागितली जातेय. तसं नसतं. किती काळ काम केलं, सॉलिसिटरला लागणारी कौशल्यं शिकायची संधी त्या कामात होती का, आणि तिच्या सचोटीबद्दल काही शंका आहे का, एवढंच त्यांनी सांगायचं असतं. कुवत परीक्षा तपासते. हे कळल्यावर, आणि मुख्य म्हणजे ईशाची वही बघितल्यावर, ते तयार झाले. म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, नोंद रोजची रोज ठेवा. दोन वर्षांनी आठवून लिहायला गेलात तर ओएस१सारखी गोष्ट हमखास निसटते.

बाबांना मात्र हे मागचं दार वाटत होतं. त्यांची काळजी मला कळते. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टमध्ये पगार ठरलेला असतो, बऱ्याच मोठ्या फर्म परीक्षेचा खर्चही उचलतात. या वाटेने तो घरातून करावा लागतो. दोन्ही टप्प्यांची नुसती फीच साडेचार हजार पौंडांच्या वर जाते, क्लासचे पैसे वेगळे. परीक्षा झाली की नोकरी ठरलेलीच, असंही नाही. हे सगळं मी त्यांच्यापुढे स्पष्ट मांडलं. पण शेवटी नाव सॉलिसिटरांच्या ज्या अधिकृत नोंदवहीत लागतं ती सगळ्यांची एकच, हेही सांगितलं.

एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यात 180 प्रश्नांचे दोन पेपर असतात. जानेवारीत ईशाचा एक राहिला. तिला वाटलं, पुन्हा लाल रकाना. पण राहिलेला पेपर तेवढाच द्यायचा असतो, आणि सहा वर्षांत तीन संधी मिळतात. जुलैत तो सुटला. आता दुसरा टप्पा, 12 लेखी आणि 4 तोंडी कामं. अशील समोर बसवून घ्यायच्या मुलाखतीचा सराव ती आईवर करते.

परवा मंडळाच्या गणपतीला भेटली. एका काकूंनी विचारलंच.

"होतेय, काकू. अनुभवाची दोन वर्षं ऑगस्टमध्ये पुरी झाली," ती म्हणाली आणि मसालेभाताचं पातेलं उचलून पंगतीत वाढायला गेली.