होम थिएटरमध्ये मागच्या रांगेखालचा प्लॅटफॉर्म किती उंच असावा? आत वाळू भरावी का?

तुम्ही लिहिलंय की खोली 11 बाय 18 फुटांची, घर तिसऱ्या मजल्यावर, रिक्लायनरच्या दोन रांगा बसवायच्या आहेत. व्हिडिओत 12 इंच उंची पाहिली आणि मिस्त्री म्हणतो, विटांचा ओटा बांधून आत वाळू भरू, म्हणजे पोकळ वाजणार नाही. आधी वाळूचं बोलतो, कारण काळजी तिचीच वाटते.

वाळू भरू नका. परदेशी व्हिडिओंत ती दिसते ती बहुधा पडद्याखालच्या छोट्या स्टेजमध्ये, तीही तळघरात, खाली थेट जमीन असते तिथे. तुमच्या खाली स्लॅब आहे. राहत्या खोलीच्या स्लॅबवर वापराचा भार आयएस 875 या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो धरतात. कोरडी वाळू घनमीटरला 1,600 किलोच्या आसपास भरते. फूटभर थर टाकला की चौरस मीटरला 480 किलोच्या वर गेलात, अजून खुर्च्या आणि माणसं बाकीच आहेत. विटांच्या ओट्याचंही तेच. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी इथे त्याचं ऐकू नका, लाकडी सांगाडाच करा.

आता उंची. 12 इंच हा काही ठरलेला आकडा नाही, तो प्रत्येक खोलीचा वेगळा निघतो. मी आमच्या घरी तो दोऱ्याने काढला. पडद्याची खालची कड जिथे येणार तिथे भिंतीवर खिळा ठोकला, त्याला दोरा बांधला, पुढच्या खुर्चीत आईला बसवलं आणि दोरा तिच्या डोक्यावरून ताणत मागच्या रांगेपर्यंत नेला. दोरा आईच्या अंबाड्याला अडला तेव्हा लक्षात आलं की नुसतं कपाळापर्यंत मोजून भागत नाही, दोन इंच तिथेच वाढले. मागे दोरा जमिनीपासून जितका उंच, त्यातून बसल्यावरची तुमच्या डोळ्यांची उंची वजा करा. उरेल तो प्लॅटफॉर्म.

तुमच्या खोलीपुरतं मांडून पाहू. पुढची रांग पडद्यापासून 10 फुटांवर, मागची 16 फुटांवर, बसलेल्याचे डोळे 40 इंचांवर आणि डोक्याचा माथा 44 इंचांवर धरू. पडद्याची खालची कड 24 इंचांवर असेल तर प्लॅटफॉर्म 16 इंच लागतो. तीच कड 30 इंचांवर नेली की साडेबारा इंचांत भागतं, 34 वर नेली तर 10 इंचांत. म्हणून सुताराला बोलवायच्या आधी पडद्याची जागा पक्की करा. पण पडदा फार वर चढवू नका, पुढच्या रांगेतल्यांची मान दुखेल.

मागच्या रांगेवर पंखा आहे का? असला तर काढाच. फूटभर उंचावर उभं राहून कोणी हात वर करून आळस दिला, तर पंजा पंख्याच्या पात्यापर्यंत पोचतो.

प्लॅटफॉर्म मागे-पुढे 6 फूट ठेवा. रिक्लायनर पूर्ण उघडला की साडेपाच-सहा फूट घेतोच.

सांगाड्यात मी पहिल्यांदा फसलो. घाईत खिळ्यांवर काम उरकलं आणि पहिल्या पावसाळ्यानंतर नेमक्या शांत प्रसंगाला कोणी पाय हलवला की करकर ऐकू यायची. वरचा प्लाय उचकटून सगळं परत केलं: प्रत्येक सांध्याला फेव्हिकॉल आणि स्क्रू, आडव्या पट्ट्या फूट-फूट अंतरावर, वर 18 मिलिमीटरचे दोन थर. खालच्या थराचे जोड वरच्या थराच्या जोडाखाली येऊ देऊ नका. प्लाय आयएस 710 चा, म्हणजे ओलाव्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या आणि सांगाड्याच्या लाकडाला वाळवीचं औषध आतून-बाहेरून लावून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही. पोकळ आवाजाची मिस्त्रीची भीती खरी आहे, पण त्यावर वाळूऐवजी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली तंतूंची हलकी लोकर भरा. हातमोजे आणि मास्क घालूनच, त्याचे तंतू अंगाला खाजतात. सांगाड्याच्या पायाखाली रबराच्या पट्ट्या ठेवा आणि भिंतीपासून अर्धा इंच सुटं ठेवा, म्हणजे खालच्या मजल्यावर धडधड कमी जाईल.

10-12 इंचांची एकच पायरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला जड जाते, मध्ये निम्म्या उंचीची रुंद पायरी द्या आणि तिच्या कडेला मंद एलईडी पट्टी लावा. अंधारात उतरताना तीच दिसते.

वरचा प्लाय बसवण्याआधी मागच्या स्पीकरच्या आणि रिक्लायनरच्या वायरींसाठी दोन वेगळे पाइप टाका, आणि प्रत्येकात एक जाड दोरा ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवा. उद्या नवी वायर ओढायची झाली तर प्लाय उचकटावा लागणार नाही.